दप्तराची फी आणि पत्त्यांची किंमत

तलाठ्याकडे सातबाऱ्याचा उतारा मागणाऱ्याकडून नकलेची फी घेतली जाते. जमिनीची किंमत नव्हे. दप्तर सांभाळणारा आणि जमिनीचा मालक या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, हे ज्याला अक्षरओळख नाही तोही जाणतो. परंतु इंटरनेट नावाच्या जगव्यापी गावाच्या दप्तरात हा साधा भेद गेली जवळजवळ तीस वर्षे पुसट होत आला आहे. तेथील पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने पैसे घ्यावेत काय, घेतले तर कशाचे घ्यावेत आणि असे पैसे घेणारी संस्था एकच असेल तर मक्तेदारीविरोधी कायद्याने तिला रोखावे काय, असे प्रश्न अमेरिकेत १९९७ साली उपस्थित झाले. त्यांची उत्तरे अर्धवट राहिली आणि त्या अर्धवटपणाची किंमत आज जगातील लहान सेवादाते व त्यांचे ग्राहक मोजीत आहेत.

प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यास फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. इंटरनेटशी थेट जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असावा लागतो. तोच त्याचा पत्ता. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीप्रमाणे हा पत्ता म्हणजे शून्य आणि एक या दोनच चिन्हांनी लिहिलेली ३२ अंकी संख्या होय. अशा संख्या सुमारे ४२९ कोटी होतात. त्याहून एकही अधिक होत नाही. एकच पत्ता दोघांना दिला गेला तर टपाल कोणाकडे जावे हा घोटाळा उत्पन्न होतो. म्हणून कोणता पत्ता कोणाकडे आहे याची एकच नोंदवही असणे अपरिहार्य ठरते. या क्षेत्रातील एकाधिकार कोणा धनवंताच्या कारस्थानातून जन्मलेला नाही, तो व्यवहाराच्या स्वरूपातूनच आलेला आहे, हे आरंभीच लक्षात घेतले पाहिजे.

फुकटाचा काळ

आरंभी ही नोंदवही कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठीय संस्थेत जॉन पोस्टेल हे संशोधक सांभाळीत. खर्च अमेरिकेचे संरक्षण खाते करी. पत्ता मागणाऱ्याकडून कोणी पैसा मागत नसे, कारण मागणारे होते ते विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि काही मोठ्या कंपन्या. त्या काळी फोर्ड, आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक यांसारख्या कंपन्यांना आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेला प्रत्येकी १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्त्यांचा एकेक गट मिळाला. ४२९ कोटी हा आकडा तेव्हा समुद्रासारखा अथांग वाटत होता. समुद्राचे पाणी कोणी मोजून देत नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने नावे व क्रमांक यांच्या नोंदणीचे काम 'नेटवर्क सोल्युशन्स' या खाजगी कंपनीकडे करारावर सोपविले. इंटरनेटचा प्रसार होऊ लागताच नोंदणीचा खर्च वाढला आणि सप्टेंबर १९९५ मध्ये नावांसाठी वर्षाला ५० डॉलर शुल्क आकारण्याची मुभा त्या कंपनीला मिळाली. त्यातील ३० टक्के रक्कम इंटरनेटच्या विकासासाठी ठेवलेल्या एका निधीत जाई. लोक न्यायालयात गेले. १९९८ मध्ये वॉशिंग्टन येथील न्यायाधीश टॉमस होगन यांनी निर्णय दिला की, ही ३० टक्के रक्कम म्हणजे संसदेच्या संमतीवाचून बसविलेला कर आहे. पुढे संसदेने कायदा करून तो वैध केला हे खरे. परंतु शुल्क कोठे संपते आणि कर कोठे सुरू होतो, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच ऐरणीवर आला.

नावांचा व्यवहार त्या कंपनीकडेच राहिला. त्याचे मोल किती वाढले हे २००० साली दिसले. त्या वर्षी 'व्हेरिसाइन' या कंपनीने नेटवर्क सोल्युशन्स विकत घेण्याचा सौदा केला तो सुमारे २१०० कोटी डॉलरांचा. पाच वर्षांपूर्वी पन्नास डॉलरांच्या फीवरून ज्या दप्तराविषयी वाद चालला होता, त्या दप्तराला ही किंमत आली. क्रमांकांची गत मात्र निराळी झाली. १९९७ मध्ये ते काम त्या कंपनीपासून तोडून 'अमेरिकन रजिस्ट्री फॉर इंटरनेट नंबर्स' ऊर्फ 'एरिन' या ना-नफा संस्थेकडे देण्यात आले. युरोपात 'राइप' आणि आशिया-पॅसिफिक भागात 'एपनिक' या संस्था त्यापूर्वीच उभ्या राहिल्या होत्या. क्रमांकांचे दप्तर नफेबाजीच्या हातून वेळीच सुटले, हे त्या काळातील शहाणपणाचे पाऊल मानले पाहिजे.

एकच दप्तर असणे हा गुन्हा आहे काय?

तथापि एरिनच्या स्थापनेलाही विरोध झालाच. तिने आकारलेले वार्षिक शुल्क सर्वांत लहान गटासाठी २,५०० डॉलर आणि सर्वांत मोठ्या गटासाठी २०,००० डॉलर होते. म्हणजे शुल्क वाढे ते आठपट, पण पत्ते वाढत ते त्याहून कितीतरी अधिक पटीने. दर पत्त्यामागे हिशेब केला तर लहान सेवादात्यावरील भार मोठ्याहून बराच जड ठरत असे. त्यातच संस्थेचे सभासद म्हणजे इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्याच. आपल्या भावी प्रतिस्पर्ध्याला पत्ते कोणत्या अटींवर द्यावेत हे ठरविणाऱ्या मंडळीत आधीच स्थिरावलेले व्यापारी बसणार असतील, तर १८९० च्या शर्मन कायद्याने निषिद्ध मानलेल्या 'व्यापारात अडथळा आणणाऱ्या संगनमता'पासून हे किती दूर आहे, असा आक्षेप होता. तो सर्वस्वी पोकळ म्हणता येणार नाही.

परंतु मक्तेदारीविरोधी कायद्याचे हत्यार येथे सहज चालत नाही, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. एक तर अमेरिकी कायद्यात मक्तेदार असणे हा गुन्हा नाही. अनुचित मार्गाने मक्तेदारी मिळविणे किंवा टिकविणे हा गुन्हा आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टेलिफोनविषयक एका खटल्यात स्पष्टच सांगितले की, कायदेशीरपणे मिळविलेल्या मक्तेदारीच्या बळावर चढी किंमत घेणे एवढ्यानेच कायद्याचा भंग होत नाही. दुसरे असे की, सरकारशी केलेल्या करारानुसार वागणाऱ्यास न्यायालये सहसा संरक्षण देतात. नावांच्या बाबतीत नेटवर्क सोल्युशन्सविरुद्ध दाखल झालेला एक मक्तेदारीविरोधी दावा २००० साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयात याच मुद्द्यावर निष्फळ ठरला. एरिनविरुद्धही कॅलिफोर्नियातील एका उद्योजकाने २००६ मध्ये असा दावा लावला. न्यायालयाच्या हुकुमाने आपल्याला मिळालेले पत्ते एरिनने आपल्या अटी मान्य केल्याखेरीज हस्तांतरित केले नाहीत, अशी त्याची तक्रार होती. तो दावा मुदतीच्या मुद्द्यावर बाद झाला. शुल्क आणि अटी यांच्या मूळ प्रश्नाचा निवाडा तेथेही झाला नाही.

मग कायद्याजवळ काहीच उत्तर नव्हते काय? होते, आणि ते फार जुने होते. सेंट लुइस शहराजवळ मिसिसिपी नदीवरील पूल आणि रेल्वेची अंतिम स्थानके काही रेल्वे कंपन्यांच्या एका संघाच्या ताब्यात गेली होती. नदी ओलांडायची तर दुसरा सोयीचा मार्ग नव्हता. १९१२ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा न्यायालयाने पूल तोडा किंवा दुसरा बांधा, असे सांगितले नाही. संघाबाहेरच्या रेल्वे कंपन्यांनाही वाजवी आणि समान अटींवर पुलाचा लाभ मिळाला पाहिजे, असा दंडक त्याने घातला. जेथे पूल एकच असणे सोयीचे असते तेथे कायद्याने लक्ष ठेवायचे ते पथकराच्या दरावर आणि नाक्यावरील वागणुकीवर. पत्त्यांच्या नोंदवहीला हाच न्याय लावायला हवा होता. तो लावण्याचा आग्रह पुरेशा जोराने कोणी धरला नाही.

नवे इनामदार

१९९७ चा वाद चालू असताना सर्वांची दृष्टी दप्तर सांभाळणाऱ्यावर खिळली होती. पुढे घडले ते वेगळेच. दप्तरदार श्रीमंत झाला नाही. दप्तरात ज्यांची नावे फुकटात लागली होती ते श्रीमंत झाले.

३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांच्या मध्यवर्ती कोठारातील शेवटचे गट वाटून संपले. त्याच वर्षी दिवाळखोरीत निघालेल्या 'नॉर्टेल' कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते 'मायक्रोसॉफ्ट'ने ७५ लाख डॉलरांना घेतले. म्हणजे पत्त्यामागे सव्वाअकरा डॉलर पडले. ज्या वस्तूची फी किती असावी यावर चौदा वर्षांपूर्वी खल झाला, ती वस्तू आता उघड बाजारात आली. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने जाहीर केले की, आपल्याजवळच्या सुमारे १ कोटी ६० लाख पत्त्यांपैकी १ कोटी ४० लाख कधी वापरलेच गेले नाहीत. त्यांतील निदान ८० लाख विकले जातील. घेणारी कंपनी होती 'अॅमेझॉन'. २०१९ मध्ये हौशी रेडिओचालकांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी सुमारे ४२ लाख पत्ते त्याच कंपनीने दहा कोटींहून अधिक डॉलर देऊन घेतले. ते पैसे एका धर्मादाय निधीत गेले, ही गोष्ट वेगळी. या संदर्भात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे उदाहरण आठवावे असे आहे. त्या विद्यापीठाने आपला १ कोटी ६७ लाखांचा गट २००० साली एक पैसाही न घेता परत केला होता. एकाच प्रकारच्या दानाचा एका विद्यालयाने न्यास मानला, दुसऱ्याने मालमत्ता मानली. कायदा दोन्ही वेळा मूक राहिला.

येथे जुन्या इनामांची आठवण होणे स्वाभाविक आहे. इनामी जमिनीला सारा माफ असे. कूळ मात्र खंड भरीत राही. १९९७ पूर्वी पत्ते मिळालेल्यांनी एरिनशी कोणताच करार केलेला नव्हता. त्यामुळे करार करीपर्यंत त्यांना वार्षिक शुल्कही लागू नव्हते. नव्याने आलेला लहान सेवादाता दरसाल हजारो डॉलर भरी आणि कोट्यवधी पत्ते पडीक ठेवणारा काहीच भरीत नसे. १९९६ मध्येच काही तंत्रज्ञांनी सुचविले होते की, पत्त्यांवर पैसे आकारले तर साठेबाजीला आळा बसेल आणि न लागणारे पत्ते परत येतील. त्या सूचनेतील मर्म असे की, शुल्क ही स्वतः वाईट गोष्ट नव्हे. पडीक जमिनीवर सारा असता तर पुष्कळशी जमीन आपोआप सरकारजमा झाली असती. अन्याय शुल्कात नव्हता. शुल्कातून कोणाला वगळले, यात होता.

आज त्या इनामांचे रूपांतर नव्या जमीनदारीत झाले आहे. संगणकसेवा भाड्याने देणाऱ्या अॅमेझॉनकडे दहा कोटींहून अधिक पत्ते साठले आहेत. १ फेब्रुवारी २०२४ पासून तिने आपल्या ग्राहकांना प्रत्येक सार्वजनिक पत्त्यासाठी तासाला अर्धा सेंट भाडे लावले. रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे एका पत्त्याचे वर्षाचे भाडे जवळजवळ ४४ डॉलर होते. त्या सुमारास बाजारात पत्ता कायमचा विकत घेण्यास जे पैसे पडत, त्याच्या आसपासची ही रक्कम होती. दुर्मिळ वस्तू जपून वापरली जावी म्हणून हे भाडे लावले, असे समर्थन केले जाते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु दुर्मिळ वस्तूचा मोठा साठा ज्याच्या कोठारात आहे, त्यानेच काटकसरीचा उपदेश करून भाडे गोळा करावे, हे चित्र मक्तेदारीविरोधी कायद्याने निदान तपासून तरी पाहावे असे आहे. १९९७ मध्ये नोंदवहीच्या फीवर रोखलेली नजर आता या कोठारांकडे वळली पाहिजे.

भारतापुढील प्रश्न

हा परक्या देशातील धनिकांचा कलह आहे, असे समजून भारतीय वाचकाने पान उलटू नये. १४० कोटींहून अधिक लोकांच्या या देशाच्या वाट्याला जुन्या पद्धतीचे पत्ते आले आहेत ते सुमारे चार कोटी. एका अमेरिकी विद्यापीठाने एकट्याने जवळ बाळगलेल्या पत्त्यांच्या अडीचपट, एवढाच एका खंडप्राय राष्ट्राचा हिस्सा. परिणाम असा की, शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे उभे करावे लागते. त्यांच्यातील एकाने आगळीक केली आणि एखाद्या संकेतस्थळाने तो पत्ता बंद केला, तर शेजारच्या निरपराध्यालाही दार बंद होते.

आशिया-पॅसिफिक विभागात २०१९ पासून नव्या सभासदाला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. भारतात २०१२ पासून राष्ट्रीय नोंदणी संस्था काम करते आहे. पण वाटपाला मर्यादा तीच. तालुक्याच्या गावी दोन-चार हजार घरांना जोडण्या देऊ पाहणाऱ्या तरुण उद्योजकाला ५१२ पत्त्यांत कसे भागावे? उरलेले त्याने बाजारभावाने विकत घ्यावेत किंवा भाड्याने घ्यावेत, हाच मार्ग उरतो. त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे जुना साठा असतो. स्पर्धेच्या आरंभरेषेवरच एकाच्या पायात बेडी घातली जाते ती अशी.

नवी, १२८ अंकी पत्त्यांची पद्धत आली की हा सारा प्रश्न निकालात निघेल, असे तंत्रज्ञ सांगतात. त्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा संभवत नाही हे खरे, आणि भारत त्या बाबतीत पुढारलेल्या देशांत मोडतो. येथील निम्म्याहून अधिक वापरकर्त्यांना नवे पत्ते उपलब्ध आहेत. परंतु या पद्धतीचा पहिला आराखडा १९९५ सालचा. तीस वर्षे उलटून गेली तरी असंख्य संकेतस्थळे केवळ जुन्याच पत्त्यांवर चालतात. जोवर ती चालतात तोवर जुना पत्ता टाकून देण्याची चैन कोणाला परवडत नाही. पुढे विहीर भरणार आहे या आश्वासनावर आजची तहान भागत नाही.

भारतीय कायद्याचा विचार केला तर एक समाधानाची बाब दिसते. १९६९ च्या मक्तेदारी कायद्याची जागा घेणाऱ्या २००२ च्या स्पर्धा कायद्यातील चौथे कलम अन्याय्य किंवा भेदभावाची किंमत लादणे हाच वर्चस्वाचा गैरवापर मानते. युरोपच्या कायद्यातही अन्याय्य किमतीचा असाच उल्लेख आहे. अमेरिकी कायदा जेथे थांबतो तेथून पुढे जाण्यास वाट आहे. शिवाय संस्था नफ्यासाठी नाही, एवढ्याने ती या कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही, अशी भूमिका स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाच्या प्रकरणात घेतली होती. तीच दृष्टी नोंदवह्यांच्या अटी आणि पत्त्यांचे साठे या दोहोंकडे वळविता येईल.

उपाय कोणता?

मात्र कायद्याचा बडगा उगारताना तारतम्य हवे. आफ्रिकेच्या नोंदणी संस्थेचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवावा. सुमारे ६२ लाख पत्ते एका कंपनीकडून परत घेण्याचा प्रयत्न तिने केला आणि खटल्यांच्या मालिकेत २०२१ मध्ये मॉरिशसच्या न्यायालयाने तिची बँकखातीच गोठविली. २०२३ मध्ये तिच्यावर प्रशासक नेमावा लागला. दोष कोणाचा हे बाजूस ठेवले तरी, एका खंडाचे दप्तरच कोर्टकचेरीत अडकून पडावे, ही कोणाच्याच हिताची गोष्ट नव्हे. दप्तर चालू राहिले पाहिजे आणि दप्तरदारावर अंकुशही राहिला पाहिजे, अशी दुहेरी कसरत येथे आहे.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. नोंदवहीचे शुल्क तिच्या खऱ्या खर्चाशी बांधलेले असावे आणि त्या खर्चाचा हिशेब सर्वांना पाहता यावा. हे शुल्क जवळच्या पत्त्यांच्या प्रमाणात असावे, त्यातून जुन्या इनामदारांनाही सूट नसावी. आणि नोंदवहीच्या निर्णयावर तिच्याबाहेरील निःपक्ष यंत्रणेकडे अल्प खर्चात दाद मागता यावी. एपनिकसारख्या संस्थेत सभासदाच्या वर्गाप्रमाणे मतांची संख्या १ पासून ६४ पर्यंत चढत जाते. अशा व्यवस्थेत लहानांच्या गाऱ्हाण्याचा निवाडा केवळ आतल्या मतदानावर सोडणे न्यायाचे नाही. उरला साठेबाजांचा प्रश्न. त्याचा विचार प्रत्येक देशाच्या स्पर्धा आयोगाने आपल्या अधिकारात स्वतंत्रपणे केला पाहिजे.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. लोखंड खाणीतून काढावे लागते, धान्य पिकवावे लागते. आकडा कोणी पिकवीत नाही. ४२९ कोटी संख्यांपैकी एकही संख्या कोणत्याही कंपनीच्या कष्टांतून किंवा भांडवलातून निर्माण झालेली नाही. सर्वांनी मिळून त्या संख्यांना पत्ते मानले, म्हणून त्यांना मोल आले. जे मोल समाजाच्या संमतीतून उपजले त्याचा हिशेब समाजाला देणे, हे ते उपभोगणाऱ्यांचे कर्तव्य ठरते. तो हिशेब मागण्यास कायदे तीस वर्षांपूर्वी कचरले. आज तरी त्यांनी कचरू नये.